सृष्टीच्या नावाची हजेरी

१९ जून

बारावी सायन्सची वर्गशिक्षक म्हणून माझं नाव लागलं. मी इथं लोह्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. वर्गशिक्षक खरं तर कायम नोकरीतल्या माणसानं व्हायचं असतं. कायम माणसांनी नको म्हटलं.

पटावर साठ नावं आहेत, वर्गात अकरा जण बसतात. बाकीचे लातूरला क्लास करतात आणि तिथंच हॉस्टेलवर राहतात. त्यांचं नाव फक्त लोह्यात. ते प्रात्यक्षिक परीक्षेला येतात आणि बोर्डाच्या पेपरला येतात. संस्थेला तुकडी टिकवायला पट लागतो, त्यांना मेडिकलच्या नीट परीक्षेच्या तयारीला सगळा दिवस लागतो, दोन्हीकडचं भागतं. आमच्या भागात हे इतकं रुळलेलं आहे की त्याबद्दल कुणी वेगळं बोलत नाही.

त्या बाकीच्यांमध्ये सृष्टी आहे. माझी धाकटी बहीण.

२१ जून

पहिली हजेरी. प्राचार्यांनी आधीच सांगितलं होतं, "सगळी नावं मोठ्यानं वाचत चला मॅडम. कवा कोण तपासायला येईल, सांगता येत न्हाई." मी वाचायला लागले. पहिल्याच गैरहजर नावाला मागून "हजर" आलं. दुसऱ्यालाही.

अकरावीतच त्यांनी नावं वाटून घेतली आहेत, असं कळलं. प्रत्येकाच्या वाट्याला स्वतःचं नाव आणि वर चार-पाच. नरसिंग नावाचा एक जण आहे, तो प्रत्येक नावाला वेगळा आवाज काढतो. वाण्याच्या मुलाला नाकातून, पाटलाच्या मुलाला छातीतून. वर्ग हसला.

"सृष्टी ईश्वरप्पा."

"हजर मॅडम." खिडकीकडच्या बाकावरून. महामाया. पेनूरकडून येते, एसटीनं. सृष्टी तिच्या वाट्याला आली आहे.

मी मान वर केली नाही. खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

३० जून

हॉस्टेलवर रविवारी फोन देतात. आई आणि अप्पांशी बोलून झालं की सृष्टी माझ्याशी बोलते. आज म्हणाली, "अक्का, तू माझी वर्गशिक्षक झालीस म्हणे. मग सांग की, ह्या आठवड्यात मी काय केलं?"

मी म्हटलं, "बुधवारी तू सोल्डरिंग केलंस. सोल्डरिंग गनचं टोक नीट तापलेलं नव्हतं, जोड कोरडा बसला. वरून चिकटलेला दिसतो, आतून करंट जात नाही."

"मग?"

"काढून परत केलास."

"आता जातो का करंट?"

"जातो."

ती बराच वेळ हसली. मागे मुलींचा आवाज होता. एवढं हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. पण मन मोकळं होत असेल तर दर रविवारी सांगायला हरकत नाही. वेळ फारसा जात नाही.

२१ जुलै

फोनवर सृष्टीला सांगितलं, या आठवड्यात तिनं खो-खोत दोन गडी बाद केले, वर्गाच्या मागच्या भिंतीवर प्राणिशास्त्राचा तक्ता रंगवला आणि त्यातल्या बेडकाची शीर निळी करून ठेवली. शीर खरं तर नरसिंगने निळी केली होती. ती नीला होती म्हणून बरोबरच होती.

मग म्हणाली, "अक्का, मी खरंच आले तर?"

"कुठं?"

"लोह्याला. वर्गात बसते. तिथं बी तेच पुस्तक हाय."

"आणि नीट?"

"घरून देते की."

"घरून कुणी काढत नाही."

"तू तर लातूरहून बी काढली न्हाईस."

हे खरं आहे. मी दोन वर्षं लातूरला होते, दुसरं वर्ष रिपीटरच्या बॅचला. मग नांदेडला इंजिनिअरिंग केलं. मी म्हटलं, "खरं आहे." मग आम्ही तिच्या फिजिक्सच्या गुणांबद्दल बोललो.

अप्पांना मी हे सांगितलं नाही. धान्याच्या मोंढ्यात त्यांची आडत आहे, येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, धाकटी लातूरला ना. ते हो म्हणतात तेव्हा त्यांचा चेहरा बदलतो. माझ्या वेळीही बदलायचा.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. आज मुलं शिक्षक होतात आणि शिक्षक बाकावर बसतात. नरसिंग प्राचार्य झाला, दिवसभर चष्मा कपाळावर ठेवून "कवा कोण तपासायला येईल" म्हणत व्हरांड्यात फिरला. प्राचार्य हसले. मनापासून होतं की नाही, सांगता येत नाही.

महामाया मी झाली. माझ्यासारखा निळा दुपट्टा लावून आली होती. टेबलाशी उभी राहिली, रजिस्टर उघडलं आणि एका सुरात नावं घ्यायला लागली. मान वर नाही, आवाज चढणं-उतरणं नाही. पहिल्या चार नावांतच वर्ग लोळला. मी खरंच अशी वाचते का, असं बाजूच्या बाकावरच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगदी."

"सृष्टी ईश्वरप्पा."

कुणी बोललं नाही. सृष्टीचं नाव घेणारी तर टेबलापाशी होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हजर," मी म्हटलं.

महामायाने खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

१८ सप्टेंबर

महामाया आली नाही. ताप आहे असं तिच्या गावच्या मुलानं सांगितलं. सृष्टीचं नाव घेतलं तेव्हा आवाज आला नाही. आज तिच्या वाट्याचं आपण म्हणायचं, हे नरसिंगच्या उशिरा लक्षात आलं. मी गरजेपेक्षा जास्त थांबले. मग पुढचं नाव घेतलं.

६ ऑक्टोबर

विज्ञान प्रदर्शनासाठी यंत्र करायला घेतलं आहे. कल्पना महामायाची. सोयाबीन मोंढ्यात आलं की आडत्या त्यातला ओलावा मोजतो आणि जितका ओलावा जास्त तितका भाव कापतो. शेतकऱ्याला घरीच ओलावा कळला तर तो आणखी एक दिवस वाळवील. बाजारातलं यंत्र महाग आहे. आम्ही प्लास्टिकच्या डब्यात दोन बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या लावल्या आणि मध्ये सोयाबीन भरलं. ओल्या दाण्यात विजेचा भार जास्त साठतो. तो मोजला की ओलावा कळतो. ताडून बघायला अप्पांचं यंत्र आणलं.

अप्पा म्हणाले, "माझ्याच मुळावर उठायलीस की तू."

"अर्ध्या टक्क्याचा फरक आहे, अप्पा. तुमचं जास्त दाखवतं."

"मग तुमचंच बिघडलेलं असंल," ते म्हणाले आणि यंत्र दिलं.

फोनवर सृष्टीला सांगितलं, "पट्ट्या तू कापल्यास. एक वाकडी झाली."

"मुद्दाम केली. नरसिंग बघत होता म्हणून."

नरसिंगला तिनं कधी पाहिलेलं नाही.

१३ ऑक्टोबर

क्लासच्या सरांचा फोन आला. सृष्टीला वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये टाकलं. गुण जुलैपासून उतरत आहेत. मी आलेख काढला. सरळ उतरण आहे, एकदाही वर गेलेली नाही.

सर म्हणाले, "घरच्या गप्पा बंद करा ताई. मन इकडं लागत न्हाई तिचं. तुम्ही तर आमच्याच विद्यार्थिनी, तुम्हाला काय सांगायचं."

मला पटलं. कारण सापडल्याशिवाय दोष निघत नाही. संध्याकाळी सृष्टीने विचारलं, "मी ह्या आठवड्यात काय केलं?"

मी म्हटलं, "आता हे बंद करू. परीक्षेनंतर सगळं एकदम सांगेन."

"पट्टी सरळ झाली का, एवढं सांग."

"सृष्टी."

"बरं," ती म्हणाली.

३ नोव्हेंबर

दिवाळीला ती आली होती, आज परत गेली. बरीचशी झोपून होती. आईने केलेलं खाल्लं, पण काय खाल्लं हे तिला नंतर सांगता आलं नसतं असं वाटलं. काल म्हणाली, कॉलेज दाखव. मी स्कूटीवर घेऊन गेले. सुट्टीमुळे गेट बंद होतं. मागच्या बाजूनं खिडकीतून वर्ग दिसतो. तिनं काचेला हात लावून आत बघितलं.

"माझा बाक कोणता?"

"तुला बाक नाही. अकराच मांडले आहेत, बाकीचे गोदामात."

ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली होती. मग म्हणाली, "चल."

८ डिसेंबर

सृष्टी आता काही विचारत नाही. फोन लवकर संपतो. गुण स्थिर आहेत. कमी आहेत, पण स्थिर.

महामायाने विचारलं, "मॅडम, तुमची बहीण कशी हाय?"

"बरी आहे. का?"

"तसंच. रोज नाव घेते न मी तिचं. कधी कधी वाटतं, आपण शिंकलो तर तिकडं तिला शिंक येत असंल."

मी तिला वहीतला आलेख दुरुस्त करायला सांगितला. एकक लिहिलं नव्हतं.

२० डिसेंबर

नांदेडला जिल्ह्याचं प्रदर्शन. ओलाव्याच्या यंत्राला दुसरा क्रमांक. जीपमध्ये मुलं सगळा रस्ता गात आली. नरसिंगने परीक्षकांना सांगितलं होतं, "सर, ह्यात मॅडमच्या वडिलांचं नुकसान हाय, तरी बी त्यांनी बनवू दिलं. त्यागाचे वेगळे मार्क धरा." महामाया ढाल मांडीवर घेऊन बसली होती. उतरताना मला विचारलं, "लातूरला कळवणार न?"

मी म्हटलं, परीक्षेनंतर.

घरी आल्यावर फोन हातात घेतला होता. शुक्रवार होता, फोन हॉस्टेलच्या बाईंकडे असतो. ठेवून दिला.

३० डिसेंबर

माळेगावच्या यात्रेत एनएसएसचा पाण्याचा स्टॉल. अकराही जण दिवसभर उभे होते. घोड्यांच्या बाजारातली धूळ सगळ्यांच्या भुवयांवर. नरसिंगने गाढवाचा भाव विचारला तर मालक म्हणाला, "कुणासाठी, शिकायला ठेवायचंय का?" वर्गाला हे पुढे महिनाभर पुरेल.

मी पाणी भरत होते. हसले असेन. महामाया म्हणाली, "मॅडम हसल्या," आणि ती बातमी रांगेच्या शेवटापर्यंत गेली.

३१ जानेवारी

इलेक्ट्रॉनिक्सची प्रात्यक्षिक परीक्षा. क्रमानं लिहिते.

सकाळी लातूरहून बस आली. मुलं उतरली, हातात नोट्स, पाय आखडलेले. प्रयोगशाळा कुठं आहे हे बहुतेकांना विचारावं लागलं. माझ्या अकरा जणांनी जोडण्या आदल्या दिवशीच लावून ठेवल्या होत्या आणि कोणत्या टेबलावर काय, हे ते सगळ्यांना सांगत होते. घरी पाहुणे यावेत तसं. सृष्टी शेवटी उतरली. दिवाळीपेक्षा बारीक झाली आहे. मला बघून मान हलवली. इथं मी मॅडम आहे, म्हणून जवळ आली नसेल.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्वतः हजेरी घेतली.

"सृष्टी ईश्वरप्पा."

"हजर सर," महामाया म्हणाली.

दोन वर्षांची सवय. म्हटल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. परीक्षकांनी वर पाहिलं. महामायाचं स्वतःचं नाव त्यांनी थोड्या वेळापूर्वीच घेतलं होतं आणि तेव्हाही हाच आवाज आला होता.

"तुमचं नाव काय?"

"महामाया, सर."

"मग सृष्टी कोण?"

सृष्टी समोरच उभी होती. तिला बोलता आलं असतं. तिनं बोट केलं, महामायाकडे.

"ती," ती म्हणाली.

परीक्षकांना वाटलं, एकीच्या जागी दुसरी बसवली जात आहे. ते खुर्चीवरून उठले. महामाया रडायला लागली. असा शेरा पडला असता तर तिचं वर्ष गेलं असतं आणि तिची चूक एवढीच, की आम्ही जे तिला रोज करू दिलं तेच तिनं आज केलं. मी पुढे झाले, दोघींची प्रवेशपत्रं फोटोसह दाखवली, म्हटलं, "सर, ही सृष्टी. माझी सख्खी बहीण आहे, मी ओळखते." प्राचार्यही आले, चहा आला. परीक्षक दोघींच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत राहिले आणि शेवटी बसले.

सृष्टीचं आणि महामायाचं टेबल एकच होतं. मी मधून जाताना ऐकलं.

"तूच का मी?"

"हाव. माफ कर, तोंडातून गेलं."

"कशाला माफ? बरं चाललं होतं माझं. कुठलं गाव तुझं?"

"पेनूर."

रीडिंग दोघींची बरोबर होती.

परीक्षा संपल्यावर बस निघायची होती. सृष्टी मागच्या बाकावर बसून राहिली. मी गेले तेव्हा म्हणाली, "अक्का, मला जायचं न्हाई."

"थोडेच महिने राहिले."

"मला जायचं न्हाई."

"बस थांबली आहे. सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत."

ती उठली. मी दारापर्यंत गेले. खिडकीशी बसली. ड्रायव्हरला मी, मुलगी माझी आहे, नीट न्या, असं सांगितलं. बस निघाली. मग मी प्रयोगशाळेत जाऊन वायरी गुंडाळल्या.

१ फेब्रुवारी

काल रात्री महामायाचा फोन आला.

"मॅडम, सृष्टी आमच्या घरी हाय. जेवली. आता निजली."

अहमदपूरला बस चहाला थांबली तेव्हा ती उतरली आणि उलट्या एसटीत बसली. लोह्याला उतरून घरी आली नाही. पेनूरची गाडी धरली आणि कुणालातरी विचारत घर शोधलं.

आज सकाळी मी गेले. दाराजवळ बाबासाहेबांचा फोटो, आत खाटेवर सृष्टी गोधडीत. महामायाची आई नागुबाई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "निजू द्या तिला मॅडम. कवाची निजलीच न्हाई म्हणती. तुम्ही च्या घ्या."

मी पोत्यावर बसून चहा घेतला. खाटेजवळ गेले नाही. ती इतकी गाढ झोपली होती की मी दोनदा गोधडी हलते का बघितलं. हलत होती.

अप्पांचा फोन आला. "आजच्या आज लातूरला सोडून ये. मी बाईंशी बोललोय. कुणाला कळायच्या आत."

"ती येणार नाही, अप्पा."

"तू सांग तिला. तुझं ऐकती ती."

"मी सांगणार नाही."

"म्हणजे?"

मी म्हटलं, "मी काल तिला बसमध्ये बसवलं. परत बसवणार नाही."

मागे मोंढ्यातला गलका येत होता. मग अप्पा म्हणाले, "लोकांना काय सांगू मी?"

"सांगा, घरी आहे."

त्यांनी फोन ठेवला. नागुबाईंनी माझ्या ताटलीत भाकरी टाकली. विचारलं नव्हतं.

३ फेब्रुवारी

लातूरला जाऊन सामान आणलं. गादी, बादली, पत्र्याची पेटी. बाई म्हणाल्या, फी परत मिळत नाही. मी म्हटलं, माहीत आहे.

खोलीत पाच मुली होत्या. त्यांनी गादी गुंडाळायला मदत केली. एकीने, उदगीरची, दोरी बांधता बांधता विचारलं, "ताई, ते मोजायचं यंत्र चाललं का शेवटी?"

"कोणतं?"

"सोयाबीनचं. रविवारी फोन झाला की सृष्टी सगळं सांगायची न आम्हाला. आज मी हे केलं, ते केलं. आम्ही वाट बघायचो. मग दसऱ्यानंतर बंदच झालं. पट्टी वाकडी होती, तिथवर माहीत हाय."

"चाललं," मी म्हटलं. "नांदेडला दुसरा क्रमांक आला."

"नरसिंग काय म्हणाला?"

गादी अर्धी गुंडाळलेली होती. मी तिच्यावरच बसले. नरसिंग परीक्षकांना काय म्हणाला ते सांगितलं. मग एकीनं स्नेहसंमेलनाचं विचारलं, एकीनं यात्रेचं. गाढवाच्या मालकाचं ऐकून त्या इतक्या हसल्या की बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या क्लासची वेळ झाली होती. कुणी उठत नव्हतं. मी सांगत राहिले. मला इतकं आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

माझ्या वेळची खोली तिथून दोन गल्ल्या पुढे आहे. रिक्षा तिकडूनच गेली. मी पेटी धरून बसले होते, बघायचं राहिलं.

७ फेब्रुवारी

निरोप समारंभ. लातूरची मुलं आली नाहीत, फक्त अकरा आणि सृष्टी. गोदामातून एक बाक काढून नरसिंगने पुसला. सृष्टी कुणाशी फार बोलली नाही. महामायाच्या शेजारी बसून राहिली. भाषण करायला सांगितलं तेव्हा उठली आणि म्हणाली, "मी वर्षभर इथं होते, असं सगळे म्हणतात," आणि बसली. हसावं की नाही ते कुणाला कळलं नाही. नरसिंगने टाळ्या वाजवल्या.

प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. पुढच्या वर्षी पण हीच तुकडी सांभाळा म्हणाले. मी म्हटलं, आहेत तेवढीच नावं वाचेन. ते हसले. मग बघितलं की मी हसत नाही.

"मग तुमच्या तासिकांचं बघावं लागंल," ते म्हणाले.

"बघा," मी म्हटलं.

अप्पा अजून सृष्टीशी बोलत नाहीत. पण आज तिच्यासाठी मोसंबी आणली आणि ओट्यावर ठेवून गेले.

११ फेब्रुवारी

इंग्रजीचा पेपर. केंद्र आमचंच कॉलेज. सृष्टीला स्कूटीवर नेलं. गेटपाशी अकरा जण तिची वाट बघत होते. महामायाने तिचा पाऊच उघडून पेनं मोजली आणि परत दिला. नीटचं काय होईल, सृष्टीलाही माहीत नाही, मलाही नाही. काल तिनं विचारलं होतं. मी तेच उत्तर दिलं.

"अक्का, तू जा की," ती म्हणाली. "तुला ड्युटी न्हाई न?"

"नाही."

ते आत गेले. तिनं मागे बघितलं नाही, नरसिंग काहीतरी सांगत होता. घंटा झाली, गेट लागलं. पोलिसांनी पालकांना लांब जायला सांगितलं. पालक झाडाखाली गेले आणि थोड्या वेळानं एकेक करून कामाला निघून गेले.

मला थांबायचं काही कारण नव्हतं. घरी कामं होती, आईनं दळण सांगितलं होतं. स्कूटी स्टँडला लावली आणि पेपर सुटेपर्यंत तिथंच उभी राहिले.